तिरक्या भोकातला बोल्ट

कॉलेजात सगळे त्यांना तुकडेबाई म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुणाच्या सायकलचा आस तुटो, पंपाचा दांडा तुटो की जिन्याचा कठडा, लोक तुकडे पुडक्यात बांधून बाईंकडे आणत. बाई ते भिंगाखाली धरत, उलटसुलट करून बघत आणि तुटायला सुरुवात कुठून झाली, किती दिवस ते चाललं होतं, शेवटचा धक्का कितीसा होता हे सांगत. धातूशास्त्र शिकवण्यात एकतीस वर्षं गेली होती. लोखंडाशी त्यांचं छान जमे. जमत नसे ते कोर्टाशी, आणि कोर्ट काही त्यांना सोडत नसे.

या वेळी पोलिसांनी एक बोल्ट पाठवला होता. तोही अर्धाच, अंगठ्याएवढा जाड. कापडाच्या एका चारमजली गोदामातली माल चढवायची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून कोसळली होती. आत एक हमाल होता, तो जागच्या जागी गेला. लिफ्ट चालवणाऱ्याने नुकताच बाहेर पाय टाकला होता म्हणून तो वाचला. वाचला, आणि आठवड्याभरात आरोपी झाला. गोदामात त्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. लिफ्टवर पाटी होती सहाशे किलोची, आणि त्या दिवशी हमालासकट आत भरले होते सहाशे साठ. त्या साठ किलोंनी माणूस मारला, असं पोलिसांचं म्हणणं. मालकांचंही म्हणणं तेच, फक्त आवाज जास्त मोठा.

बाईंना बोल्टमध्ये वेगळंच दिसलं. तुटलेल्या तोंडाचा पाऊण भाग काळपट होता आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेषा होत्या. उरलेला एक कोपरा तेवढा ताजा, चमकणारा. म्हणजे भेग एका कडेने सुरू होऊन महिनोन्महिने पुढे सरकत होती, आणि त्या दिवशी फक्त उरलासुरला कोपरा तुटला होता. बरं, बोल्ट जुनापुराणा म्हणावा तर तसंही नाही. खरेदीच्या कागदांवरून जेमतेम चौदा महिन्यांचा. मग भेग कशाने पडली? बोल्टच्या दांड्यावर एकाच बाजूला घासल्याच्या खुणा होत्या. लिफ्टचा दोर ज्या पट्टीला अडकवलेला असतो ती पट्टी वरच्या तुळईला बोल्टांनी आवळलेली असते. पट्टीचं भोक आणि तुळईचं भोक जुळत नसणार. कुणीतरी चारही बोल्ट ठोकून ठोकून तिरके बसवले असणार; हा सगळ्यात आधी तुटला आणि मागोमाग तसेच भेगाळलेले बाकीचे. लिफ्ट सुटली की तो वाकायचा, थांबली की सरळ व्हायचा. पत्र्याची पट्टी आपण हाताने वाकवून वाकवून तोडतो, तसंच, फक्त सावकाश.

बाईंनी एकोणीस पानांचा अहवाल लिहिला. बोल्टचा दुसरा अर्धा तुकडाही हवा, म्हणून पोलिसांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांना ताप. तिसऱ्या वेळी फाइल सापडेना. चौथ्या वेळी फाइल सापडली, तर मामांचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. दर वेळी बाई कॉलेजातले तास बदलून घेत, इस्त्रीचे कपडे घालून येत आणि बाहेरच्या लाकडी बाकावर चार-चार तास बसून परत जात. पाचव्या तारखेला एकदाची त्यांच्या नावाची हाक आली.

सरकारी वकील उंच, तरतरीत. त्यांनी प्रश्न अगदी मऊ आवाजात विचारला.

"सहाशेच्या जागी सहाशे साठ किलो भरले, तर बोल्टवरचा ताण वाढेल का?"

"वाढेल, पण..."

"वाढेल. आणि हा बोल्ट त्या दिवशी त्याच वजनाखाली तुटला, बरोबर?"

"त्या वजनाखाली तुटला, पण त्या वजनामुळे..."

"वजनाखाली तुटला," वकिलांनी टंकलेखकाला सांगितलं, आणि त्याने ते टकाटका बडवलं.

बाई न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, हे उत्तर अर्धवट आहे. असा चांगला बोल्ट याच्या दहापट वजनालाही दाद देत नाही. मुळात..."

"बाई, विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले. बोलणं रागाचं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोललेलं होतं. "बाकीचं समोरचे वकील विचारतीलच की."

हे बाईंना पटलं. खरंच, त्यासाठीच तर दुसरा वकील असतो. त्या घोटभर पाणी प्यायल्या, त्यांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं आणि मामांच्या वकिलांकडे बघितलं. ते अर्धवट उठले. त्यांच्या हातात भलत्याच खटल्याचे कागद होते आणि नजरही त्यातच होती.

"उलटतपासणी नाही, साहेब."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तोवर शिपायाने पुढच्याला हाक मारलीसुद्धा.

जिन्यात त्यांनी वकिलांना गाठलं. गुडघे कुरकुरत होते, पण आज त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता.

"वकीलसाहेब, माझा अहवाल वाचलात का तुम्ही?"

"वाचला ना."

"अकरावं पान?"

वकिलांनी बगलेतल्या गठ्ठ्यातून अहवाल ओढून काढला. अकरावं पान अथपासून इतिपर्यंत काळं होतं. "हे काय आहे?"

"तो फोटो आहे. होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर त्याचं हे झालं. खालचं वाचा."

वकिलांनी तिथेच पायरीवर उभ्याने वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर करून ते जे म्हणाले ते बाई पुढे जन्मभर विसरल्या नाहीत.

"अहो मॅडम, मग हे तुम्ही आत का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की वरच्या मजल्यावरून दोन काळे कोट डोकावले.

वकील खजील झाले. माणूस वाईट नव्हता. सरकारने नेमून दिलेला वकील, त्या दिवशी एकट्याच्या अंगावर सात खटले, दुपारचे तीन वाजले तरी पोटात काही नाही. "अर्ज करू," ते म्हणाले. "तुम्हाला पुन्हा बोलवून घेऊ." आणि पळाले.

खालच्या बाकावर मामा बसले होते. साठीच्या आतबाहेरचे, दाढी व्यवस्थित केलेले, हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. बाईंना बघून ते उठले.

"बाई, एक विचारू का? ते वरून कट्-कट् वाजायचं, ते त्याचंच होतं का?"

बाई थबकल्या. "कधीपासून वाजत होतं?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, तेल घाल. मग रोज सकाळी शिडी लावून घालत होतो तेल."

"वर तुळईला?"

"तिथेच की. दुसरा तुकडा अजून तिथेच आहे, नटासकट अडकलेला. सील लावायला आले तेव्हा मी बोट करून दाखवलं होतं. ते म्हणाले, तू गप्प बस."

घरी आल्यावर बाईंनी पिशवी टेबलावर आपटली. यजमान पेपर वाचत होते. आयुष्यभर एका छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली होती, त्यामुळे पेपर वाचतानाही हातात पेन्सिल असायची.

"अहो, समोर माणूस चुकीचं लिहून घेतोय हे धडधडीत दिसतंय, आणि आपण गप्प उभं राहायचं! ही कुठली तऱ्हा?"

"मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं?" यजमान म्हणाले. "लेखकाने सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं, तरी मला पश्चिमेची वेलांटी तेवढी तपासायची मुभा होती."

"तुम्हाला विनोद सुचतायत. तो माणूस तुरुंगात जाईल."

"मग लिही अर्ज. वेलांट्या मी बघतो."

वकिलांना वेळ होईना म्हणून बाईंनी स्वतःच अर्ज लिहिला. पहिल्यांदा तो परत आला, कारण डावीकडचा समास कमी होता. दुसऱ्यांदा परत आला, कारण कागद चुकीच्या मापाचा होता. तिसऱ्यांदा खिडकीतल्या कारकुनाने तो पूर्ण वाचला आणि शांतपणे सांगितलं, "साक्षीदाराला अर्ज करता येत नाही. पक्षकाराने करायचा." हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, असं बाई म्हणाल्या. कारकून म्हणाला, "पहिल्या दिवशी समासच चुकला होता ना. पुढे कोण वाचतो?"

शेवटी वकिलांनी तोच मजकूर आपल्या सहीने दिला. दोन महिन्यांनी बाईंना पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला वकील तयारीने आले होते. अहवालाची पानं रंगीत, मधे खुणेच्या चिठ्ठ्या. न्यायाधीशांनी मुद्देमाल मागवला. मुद्देमालाच्या खोलीतून एक पांढऱ्या केसांचे कर्मचारी पुडकं घेऊन आले, त्याचं सील काढलं आणि बोल्ट बाईंच्या हातात दिला.

बोल्ट चांदीसारखा चमकत होता.

बाईंनी तो उजेडात धरला. तोंडावर ना काळा भाग, ना रेषा. आरशासारखं गुळगुळीत.

"हे... हे कुणी केलं?"

"मीच, मॅडम," कर्मचारी समाधानाने म्हणाले. "केवढं गंजलं होतं! साहेबांपुढे असं कसं ठेवायचं? आधी तारेचा ब्रश मारला, मग पॉलिश पेपर. नवं सीलही लावलं, नोंद आहे रजिस्टरला."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ओरडताही येईना. त्या अख्ख्या इमारतीत एखाद्या वस्तूची मनापासून काळजी घेणारा तो एकटाच निघाला होता, आणि त्यानेच पुरावा घासून टाकला होता.

सरकारी वकील लगेच उठले. "बाईंनी काळा भाग कुठे आहे तो दाखवावा."

"तो आता नाही. माझ्या फोटोत आहे."

"फोटोतली वस्तू आणि समोरची वस्तू जुळत नाही, साहेब. हे नोंदवून घ्यावं."

"याचा दुसरा तुकडा आहे," बाई म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. न्यायाधीशांनी हात वर केला, तरी त्या थांबल्या नाहीत. "साहेब, मला बाहेर काढायचं तर काढा, पण आधी ऐका. बोल्ट तुटला की त्याला दोन तोंडं होतात. एकावर जे असतं तेच दुसऱ्यावर असतं. दुसरा तुकडा लिफ्टच्या वर तुळईत अडकलेला आहे, नटासकट. मी तीन पत्रं लिहिली. ती तुमच्या फाइलला असतील."

न्यायाधीशांनी फाइल चाळली. पत्रं होती. तिन्ही होती, एकाखाली एक, नीट टाचून ठेवलेली. त्यांनी तिन्हींवरच्या तारखा वाचल्या. मग म्हणाले, "बाईंच्या समक्ष तो तुकडा काढून आणा. आणि पुसू नका."

आठवड्याभरात बाई दोन पोलिसांना घेऊन गोदामात गेल्या. सील तोडून, लोखंडी शिडीने लिफ्टच्या वरच्या खोपटात चढल्या. एकोणसाठाव्या वर्षी हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाच्या हाताने ते होईल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. एका पोलिसाने बॅटरी धरली. तुकडा तुळईत होता आणि त्यावर तेलाचा आणि धुळीचा बोटभर थर बसला होता. मामांच्या रोजच्या तेलाने लिफ्ट वाचली नाही, पण पुरावा गंजापासून वाचला. बाईंनी कोनमापक लावला. भोक तिरकं होतंच, त्यांनी धरलं होतं त्याहूनही जास्त.

तिसऱ्या साक्षीला न्यायाधीश स्वतः खाली उतरून आले आणि भिंगातून बघायला वाकले.

"या रेषा म्हणजे..."

"एकेक रेषा म्हणजे भेग थोडी थोडी पुढे सरकल्याची खूण, साहेब."

"म्हणजे हे आधीपासूनच तुटत आलेलं होतं. नवा बोल्ट असता तर हे झालं नसतं?"

"नवाच होता, साहेब. चौदा महिन्यांचा. दोष भोकाचा आहे. त्याच तिरक्या भोकात उद्या नवाकोरा बोल्ट घातला, तरी तोही असाच तुटेल."

टंकलेखकाची बोटं चालत होती. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या चक्क गुणगुणत. यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चहा टाकला.

मामा सुटले. निकाल लागला त्याच संध्याकाळी ते बायकोला घेऊन बाईंच्या घरी आले. त्यांची बायको बाईंचा हात धरून बसून राहिली. मामांनी निकालाची प्रत आणली होती. दोघं गेल्यावर बाईंनी ती वाचायला घेतली. बावीस पानांचा निकाल. त्यांच्या तीन साक्षी, एकोणीस पानं आणि शिडीवरची चढाई यांच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं: 'तज्ज्ञांच्या साक्षीवरून सदर बोल्ट जुना व झिजलेला असल्याचे दिसून येते.'

"जुना!" बाई ओरडल्या. "अहो, जुना म्हटलंय! मी दहादा सांगितलं की नवा होता!"

"सुटला ना पण तो?" यजमान म्हणाले.

"सुटला, पण चुकीच्या कारणाने."

"अगं, बाहेर पडणाऱ्याला दरवाजा कुठला याच्याशी काय करायचंय?"

"त्याला नाही. पण आत जाणाऱ्यांना आहे," बाई म्हणाल्या.

झालंही तसंच. निकालानंतर सील निघालं. मालकांनी तत्परतेने चारही बोल्ट नवे घातले, भोकं होती तशीच ठेवली आणि लिफ्ट सुरू केली. मामांना अर्थातच परत घेतलं नाही. बाईंना हे मामांकडूनच कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी लिफ्ट निरीक्षकाचं कार्यालय गाठलं.

निरीक्षक तरुण होते, त्यांनी आदराने बसायला खुर्ची दिली. निकाल त्यांच्याकडे होता, त्यातल्या त्या एका वाक्याखाली हिरव्या शाईने रेघही मारलेली होती.

"मॅडम, कोर्ट म्हणतं बोल्ट जुना होता. त्यांनी नवे घातले. मी पावत्या बघितल्या. आता मी कोणत्या आधारावर लिफ्ट बंद करू?"

"माझ्या साक्षीच्या आधारावर. ती माझीच साक्ष आहे! मी 'जुना' म्हटलंच नव्हतं."

"पण कोर्टाने तसं वाचलंय ना. तुमच्या साक्षीचा अर्थ तुम्ही लावायचा की कोर्टाने?"

आपल्याच तोंडातल्या शब्दांवर आपला हक्क राहिलेला नाही, हे कुणी इतक्या नम्रपणे सांगेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"तुम्ही एकदा वर चढून भोक बघा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटांचं काम आहे."

"तपासणी वर्षातून एकदा असते. यांची झाली गेल्या आठवड्यात. तुम्ही पत्र देऊन ठेवा, पोच देतो."

पोच मिळाली. गोल शिक्का, खाली तारीख. बाईंकडे अशा पोचांची एक फाइलच होती.

तिथून त्या तडक गोदामाकडे गेल्या. तिथे जाऊन काय करणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मालकांशी भांडणार, लिफ्टच्या दारात आडव्या उभ्या राहणार, काहीतरी. पण आत शिरल्यावर त्यांना वेगळंच दिसलं. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, दार सताड उघडं, आत दिवा चालू, फरशी पुसलेली. आणि बाजूच्या जिन्यावरून हमाल पाठीवर तागे घेऊन एकामागोमाग चढत होते, घामाने निथळत, तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू.

बाईंनी त्यातल्या एकाला, चाळिशीतल्या दांडग्या माणसाला विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे की. कुणी बसत नाही. माल पण ठेवत नाही."

"का?"

"मामा रोज सकाळी फाटकाशी येऊन उभे राहतात. म्हणतात, बसू नका, परत तुटेल. मालक म्हणाले, काढून टाकेन सगळ्यांना. टाका म्हटलं. तेव्हा लिफ्टमध्ये गेला तो माझ्या शेजारचा होता." त्याने पाठीवरचा तागा वर सरकवला. "कारण काय ते मामांना धड सांगता येत नाही. काहीतरी भोकाचं आहे म्हणतात."

"मी सांगते. तो बोल्ट मीच तपासला होता."

हमालाने त्यांना आपादमस्तक बघितलं. "सांगा. पण चालता चालता सांगा बाई, ओझं घेऊन उभं राहवत नाही."

मग बाई त्याच्या बरोबरीने जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांनी पट्टी आणि तुळई सांगितली. दुसऱ्या मजल्यापर्यंत भोकं, आणि नट एकाच कडेवर कसा टेकतो ते. दम लागत होता, वाक्यं मधेच तुटत होती, पण कुणी थांबवलं नाही. मागचे दोघेही कान देऊन ऐकत होते. त्यातल्या एकाने विचारलं, मग एक तुटला की बाकीच्या बोल्टांवर जास्त भार येतो का? इतका सरळ प्रश्न बाईंना गेल्या दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी त्याचंही उत्तर दिलं, पुरतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढचा हमाल श्वास घ्यायला भिंतीला टेकला.

"आणि ते भोक सरळ करायला किती वेळ लागतो?"

"नवी पट्टी, नीट मापाची... एक दुपार."

"एक दुपार," तो म्हणाला. मागे वळून त्याने खालच्यांना ओरडून सांगितलं, "ऐकलं का रे? एक दुपार!" खालून कुणीतरी मालकांना उद्देशून एक सणसणीत शिवी हासडली. बाईंनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही, मान डोलावली. हमालाने तागा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि दोघं चौथ्या मजल्याकडे निघाले.